रोजची गोळी आणि उसनें बळ

ऊस तोडतांना अगर कडब्याची गंजी उपसतांना कोणास साप चावला, तर त्यास तांतडीनें सरकारी दवाखान्यांत नेऊन शिरेंतून एक औषध देतात, हें आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक मुलांस ठाऊक आहे. हें औषध घोड्याच्या रक्तापासून होतें. मुंबईंत परळ येथील हाफकिन संस्थेचें नांव ह्या कामीं पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. घोड्यास विषाची अगदीं अल्प मात्रा वरचेवर टोंचीत गेलें, म्हणजे त्याच्या रक्तांत त्या विषास जखडून टाकणारे पदार्थ उत्पन्न होतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. तीं वेगळीं काढून रोग्यास दिलीं असतां, त्याच्या शरीराची स्वतःची तयारी होण्यापूर्वींच त्यास उसनें बळ मिळतें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जखमेंत टोंचावयाचीं अशींच प्रतिपिंडें पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें सन २०१७ मध्यें बाजारांत आणलीं. तीं मात्र घोड्यापासून नव्हे, तर प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींपासून करितात.

हेंच उसनें बळ एचआयव्ही विषाणूविरुद्ध उपयोगीं पडेल काय, ह्याचा शोध आज चालू आहे.

हा विषाणु शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. त्यावर आज असलेलीं औषधें उत्तम आहेत. भारत सरकारनें तीं १ एप्रिल २००४ पासून मोफत देण्यास आरंभ केला, व अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयांतहि तीं मिळतात. बहुतेक प्रौढ रोग्यांस दिवसास एकच गोळी पुरते. ती नेमानें घेणारा मनुष्य दीर्घ आयुष्य जगूं शकतो. रक्तांतील विषाणु तपासणींत दिसणार नाहीं इतका कमी होऊन तसाच राहिला, तर पतीपासून पत्नीस अगर पत्नीपासून पतीस तो लागत नाहीं.

मग नवें औषध हवें कशास? कारण विषाणूचीं बीजें कांहीं पेशींच्या आंत निपचित पडून राहतात. गोळी विषाणूची नवी वाढ थांबविते. परंतु हीं दडलेलीं बीजें नाहींशीं करूं शकत नाहीं. ती सोडली, कीं बहुतेकांच्या रक्तांत कांहीं आठवड्यांतच विषाणु पुनः वाढूं लागतो. म्हणून ती जन्मभर, रोज घ्यावी लागते. माझ्या पाहण्यांत एक मुलगा होता. तो आपली गोळी कागदाच्या पुडींत बांधून ठेवी व सर्व निजल्यावर अंधारांत घेई. एकदां दोन दिवसांच्या सहलींत, कोणी पाहील ह्या भीतीनें, त्यानें ती घेतलीच नाहीं. त्याला ओझें गोळीचें नव्हतें, लोकांच्या नजरेचें होतें.

कांहीं थोड्या रोग्यांच्या शरीरांत ह्या विषाणूच्या अनेक प्रकारांस जखडणारीं प्रतिपिंडें आपोआप तयार होतात, असें आढळून आलें आहे. विषाणु सारखें रूप पालटतो. तथापि त्याच्या अंगावरील कांहीं भाग त्यास सहजासहजीं बदलतां येत नाहींत. हीं प्रतिपिंडें तेथेंच चिकटतात. तीं आतां प्रयोगशाळेंत करितात, व थोडा फेरफार करून तीं रक्तांत कित्येक महिने टिकतील अशींहि केलीं आहेत. एकच प्रतिपिंड दिलें तर विषाणु त्यास चुकविण्यास शिकतो, म्हणून दोन निरनिराळीं एकत्र देतात.

आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत लहान मुलांवर असा प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. २५ मुलांच्या रोजच्या गोळ्या थांबवून त्यांस दर चार आठवड्यांनीं दोन प्रतिपिंडें देण्यांत आलीं. त्यांपैकीं ११ मुलांत विषाणु २४ आठवडे दबलेला राहिला; उरलेल्या १४ जणांत तो पुनः वर आला व त्यांस जुनीं औषधें सुरू करावीं लागलीं. तेथील विषाणु बहुतांशीं 'सी' ह्या कुळांतला आहे, आणि भारतांतहि तेंच कूळ अधिक आढळतें. म्हणून ही बातमी आपल्याहि उपयोगाची आहे. मात्र एका कुळांतले असले तरी दोन्हीं देशांतील विषाणु हुबेहूब एकसारखे नाहींत. त्यामुळें येथें काय घडेल हें येथेंच तपासावें लागेल.

आईबापांनीं ह्यावरून एवढेंच समजावें, कीं आशा खरी आहे, पण औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. वर्तमानपत्रांतील बातमी वाचून कोणीहि एक दिवसाचीहि गोळी सोडूं नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, शास्त्रज्ञांचें काम पुरें होईपर्यंत तुमच्याकडेहि एक काम आहे. ह्या रोगामुळें कोणास शाळेंत प्रवेश नाकारणें अगर वेगळें वागविणें सन २०१७ च्या कायद्यानें मना केलें आहे. परंतु वर्गांतील कुजबूज कायद्यास थांबवितां येत नाहीं; ती तुम्हांसच थांबवितां येईल. शेजारचा सोबती गोळी घेतांना दिसला, तर ती कशाची हें विचारूं नका. त्याच्या हातीं पाण्याचा पेला द्या.