एक मीटर, दोन सायकली

जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या डांबरी रस्त्यासाठी रोडबाइक आणि कच्च्या वाटांसाठी जाड टायरची एमटीबी, अशा दोन सायकली घरात आल्या की प्रश्न हमखास निघतो: जीपीएसची मीटरही दोन घ्यायची का? दुकानदार ‘घ्या’ म्हणणारच. खरं तर एका मीटरवर भागतं. फक्त मीटरमधलं काय स्वाराचं आणि काय सायकलचं, हे वेगळं ठेवता आलं पाहिजे.

सगळ्यात जुना गैरसमज चाकाचा. ‘सायकल बदलली की मीटरमध्ये चाकाचं माप बदलावं लागतं’ ही समजूत तारेच्या मीटरच्या काळातली. स्पोकला चुंबक, फोर्कला सेन्सर, आणि चाकाचे फेरे गुणिले चाकाचा घेर म्हणजे अंतर. तिथे माप चुकलं की सगळंच चुकायचं. जीपीएस चाक मोजतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत घेऊन ते आपली जागा काढतं आणि जागा किती सरकली त्यावरून वेग. खाली कुठली सायकल आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंटरनेटही लागत नाही, तेव्हा रेंज गेली म्हणून मोजणी थांबत नाही.

मात्र हबवर वेगाचा सेन्सर बसवला की जुना हिशेब परत येतो, कारण सेन्सर जोडलेला असला तर बहुतेक मीटर वेग आणि अंतर जीपीएसऐवजी त्याच्याकडूनच घेतात. २८ मिलिमीटर टायरच्या रोडबाइकचा घेर साधारण २१३६ मिलिमीटर, तर २९ इंची चाकाला २.१ इंची टायर असेल तर २२८८. रोडबाइकचा आकडा हाताने भरून तोच सेन्सर एमटीबीला लावला, तर भेडाघाटला जाऊन येण्याच्या ४० किलोमीटरमधले अडीचहून जास्त किलोमीटर गायब होतात! म्हणून प्रत्येक सायकलला स्वतःचा सेन्सर ठेवावा, त्याला मीटरमध्ये ओळखू येईल असं नाव द्यावं आणि घेर ‘ऑटो’वर सोडावा. मग मीटर जीपीएसशी ताडून घेर स्वतःच ठरवतं.

‘सेन्सर आपोआप ओळखले जातात, काही बघावं लागत नाही’ हे निम्मं खरं. चाक हललं की सेन्सर जागा होतो आणि मीटर त्याला पकडतं. एकटे असाल तर ठीक. पण बाबा रोडबाइकवर, मुलगी एमटीबीवर, दोन्ही सेन्सर बाबांच्या मीटरला जोडलेले, आणि तिलवाराघाटच्या पुलाकडे जोडीने निघालात, तर मुलीच्या चाकाचा वेग बाबांच्या पडद्यावर दिसू शकतो. ती चहाला थांबली की बाबांचा वेग शून्य. अशा दिवशी दुसरा सेन्सर यादीत तात्पुरता बंद करून ठेवावा. छातीचा हृदयगतीचा पट्टा स्वाराचा असल्याने दोन्ही सायकलींवर तोच चालतो. पेडलमधलं पॉवर मीटर हलवलं तर क्रँकची लांबी नव्याने भरावी लागते. १७० ऐवजी १७२.५ मिलिमीटर राहिली तर वॉट सुमारे दीड टक्का फुगतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज चेनचा. ‘मीटर ५,००० किलोमीटर दाखवतंय, आता चेन बदलू.’ कुठल्या सायकलची? तो आकडा मीटरचा, म्हणजे स्वाराचा; दोन्ही सायकलींची बेरीज. स्ट्राव्हासारख्या ॲपमध्ये दोन्ही सायकली वेगळ्या नोंदवता येतात, पण फेरी चढवताना नेहमीची ठरवून ठेवलेली सायकलच आपोआप लागते. ती बदलायची राहिली की एमटीबीचे किलोमीटर रोडबाइकच्या खात्यात. त्यापेक्षा पट्टी घ्यावी. चेनच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच. त्या १२ इंच आणि एक षोडशांशाला पोचल्या की चेन बदलायची. एक अष्टमांशापर्यंत ताणली तर कॅसेटचे दातही बहुधा गेलेले असतात, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग. चिखलातली चेन लवकर झिजते, हे कुठलंही मीटर सांगत नाही.

चढाईचे आकडे बिघडले की दोष सायकल बदलण्याला दिला जातो. बऱ्याच मीटरमध्ये उंची हवेच्या दाबावरून निघते. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की मीटरला आपण आठ-नऊ मीटर चढल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात ढग भरून आले, किंवा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रात पाणी शिरलं, की सपाट रस्त्यावरही डोंगर उभे राहतात.

शेवटचा मुद्दा छावणी आणि गन कॅरेज फॅक्टरीच्या शहरात महत्त्वाचा. ‘जीपीएस आपली जागा सगळ्यांना कळवतं’ असं नाही. जीपीएस नुसतं ऐकतं. जागा बाहेर जाते ती फोन आणि ॲपमधून. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या व्यायामाच्या वाटांवरून लष्करी तळ उमटलेले दिसले, तेही ॲपवर चढवलेल्या फेऱ्यांमुळेच. क्वार्टरमधून निघत असाल तर ॲपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय आहे. ती मीटरवर नव्हे, खात्यावर लागते, त्यामुळे दोन्ही सायकलींसाठी एकदाच करावी लागते.