दोन टक्क्यांची नऊ वर्षं

नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरांचे तोंडी ठरलेले सौदे जागच्या जागी थांबले. विसार द्यायला कुणी पुढे येईना. माझ्यासारख्या कमिशनवर जगणाऱ्या एजंटाला पगाराची तारीख नसते, हे ठाऊक होतं. पण महिनेच्या महिने एकही खरेदीखत झालं नाही, तर घर मागच्या सौद्याच्या पैशावर चालतं, आणि ते संपले की पतसंस्थेच्या कर्जावर.

मे 2017 मध्ये रेरा हा स्थावर मालमत्तेचा कायदा लागू झाला आणि एजंटाला नोंदणी क्रमांक आला. 2023 पासून महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पन्नाशीतली माणसं वह्या घेऊन अभ्यासाला बसली. मला हे मनापासून पटलं. मात्र ही नोंदणी लागते ती रेराखालच्या प्रकल्पांतली विक्री करायला. आमची भाकरी आहे मिरजकर तिकटी ते बेलबाग या पट्ट्यातल्या जुन्या घरांवर, आणि तिथं कमिशनचा आधार अजून शब्दाचाच.

या घरांचं खरं काम गिऱ्हाईक बघतच नाही. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, वारसनोंद राहिलेली, एक भाऊ पुण्यात, एक अबोल्यात. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वडील 2005 आधी वारले असले तरी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानंच आहे. तेव्हापासून ‘बहिणीचं बघू नंतर’ हे वाक्य बंद झालं, आणि ते बरंच झालं. गडहिंग्लजहून आलेल्या एका बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एवढंच मागितलं, “वाटा ऱ्हाऊ दे, आईचा बंब तेवढा द्या.” बंब थोरल्यानं कधीच मोडीत घातला होता. सौदा दोन महिने अडला. शेवटी भावांनी तिच्या वाट्याचा चेक दिला. ते दोन महिने मी दोन्ही घरांत फक्त ऐकून घेत होतो. तो सगळा वेळ कमिशनच्या दोन टक्क्यांत धरलेला असतो.

आणि खरेदीखतादिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर, घेणारे म्हणाले, “घर आमच्या पावण्यानं सांगितलेलं. तुमचं काय त्यात?” ठरल्याच्या निम्मं हातावर ठेवलं. आता घर दाखवण्याआधी कमिशनचं पत्र सही करून घेतो. काहीजण रागावून जातात, जाऊ देत.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 ला मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत होती. तेवढे चार महिने श्वास घ्यायला सवड नव्हती. बाकी काळ शहरालगतच्या कळंबा-पाचगावच्या प्लॉटांवरही निघाला. महापालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही, म्हणून नवी घरं गावांच्या जमिनीवर, आणि गिऱ्हाईकाला सर्वांत आधी बिगरशेतीचा आदेश दाखवावा लागतो. तो नसलेला गुंठा मी विकत नाही, कमिशन कितीही मिळो.

ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सोलापूर, रत्नागिरीच्या वकिलांचे फोन येऊ लागले: सीपीआर रुग्णालयाजवळ ऑफिस, पेठेत राहायला दोन खोल्या. भाड्याच्या व्यवहारात एका महिन्याचं भाडं मिळतं. रक्कम लहान; पण करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे तेच वकील पुन्हा फोन करतील.