तीन दिवसांचा ताळेबंद

बँकेत रोजचा हिशेब जुळल्याखेरीज आम्ही घरी जात नसू. पोटाच्या खात्याचीही अशी तपासणी असते. तूप-तेल धरून रोज सुमारे १०० ग्रॅम स्निग्धांश खायचा आणि ७२ तासांचे सारे शौच डब्यात जमवायचे. दिवसाला ७ ग्रॅमहून अधिक चरबी बाहेर पडली, तर खाल्लेले अंगी लागत नाही, असे समजावे. १९६०च्या दशकात मुंबईत डॉ. जीजीभॉय, डॉ. देसाई, डॉ. अंतिया यांनी याच अपशोषणाचा अभ्यास केला.

आमच्या हिंजवडीत संगणकावर जगाचे आकडे जुळवणारी माणसे ‘डबा’ म्हटले की संकोचतात. वजन मात्र घटत राहते. तेलकट, तरंगणारा मळ ही शरीराने धाडलेली नोटीस. ती दडवू नये. लाजेपोटी एक वेळचे शौच टाकले, तरी सारा ताळेबंद खोटा ठरतो.