सेवेची वाट

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवाकार्य करावे, अशी अपेक्षा असते. परंतु महाविद्यालयापासून खेड्यापर्यंतच्या वाटेचा विचार आपण क्वचितच करतो.

बेळगाव परिसरातील आम्हां मराठी कुटुंबांना हा प्रश्न परिचयाचा आहे. जाण्यायेण्यास दोन तास लागत असतील, तर दोन-दोन तासांच्या कामासाठी ६० खेपा आणि १२० तासांचा प्रवास घडेल. चार-चार तास काम केल्यास ३० खेपा व ६० तास पुरतील. तेव्हा खेपा कमी आणि काम सलग, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.

११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या 'शक्ती' योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास विनामूल्य केला. मुलींचे भाडे वाचले. परतीची चिंता मात्र राहिली. ती मुलीला घरी बसवून मिटवू नये. शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी, दोघी-तिघींनी मिळून जावे, कार्यक्रम अधिकाऱ्यांचा दूरध्वनी घरी टिपलेला असावा. एवढी व्यवस्था पालकांनी केली, तर आठवड्यातील एक सकाळ तिला निर्वेधपणे त्या गावाला देता येईल.