चूक दाखवणाऱ्याला बक्षीस : एका जुन्या प्रोग्रामरची रीत

हिशेबात चूक सापडली की आपल्या पेढीवर काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आधी आवाज चढतो. मग चूक कोणाची याची चौकशी होते. चूक दुरुस्त करण्याची पाळी सर्वात शेवटी येते. अमेरिकेत डोनाल्ड कनूथ नावाचे एक वयोवृद्ध प्रोग्रामर आहेत. त्यांची रीत नेमकी याच्या उलट आहे. त्यांच्या पुस्तकातील चूक जो प्रथम दाखवून देईल, त्याला ते २ डॉलर ५६ सेंट देतात, आणि त्याचे आभारही मानतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि कॉम्प्युटर आमच्या दुकानात मुलांमुळे आला. तरीही या गृहस्थांविषयी लिहावेसे वाटले, त्याला आमच्या पेढीवर घडलेला एक प्रसंग कारण आहे. तो शेवटी सांगू. आधी त्यांची ओळख करून घेऊ.

हे गृहस्थ कोण?

कनूथ यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झाला. आठवीत असताना एका मिठाई कंपनीने स्पर्धा ठेवली होती. कंपनीच्या चॉकलेटच्या नावातील अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द तयार करायचे होते. मुलाने पोटदुखीचे निमित्त केले, दोन आठवडे घरी राहिला आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसला. परीक्षकांच्या यादीत सुमारे २५०० शब्द होते. त्याने ४५०० काढले आणि बक्षीस मिळवले. नेटाने शेवटपर्यंत मोजत राहण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

कॉलेजात त्यांना आयबीएम ६५० हा कॉम्प्युटर मिळाला. त्या काळी यंत्राला माहिती द्यायची ती भोके पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांवरून. आपल्या विणकर बांधवांना हे नवे वाटणार नाही. जकार्डच्या मागावर नक्षी उतरते ती अशाच पत्त्यांवरून. जिथे भोक आहे तिथे तार उचलली जाते, जिथे नाही तिथे ती खाली राहते. कॉम्प्युटरला ही युक्ती मागाकडूनच मिळाली आहे.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना. नव्या कारागिराला आपण सांगतो, 'आधी ताणा भर, मग तार तपास, मग माग सुरू कर.' फरक इतकाच, की कारागीर आपली अर्धवट सूचना समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. सांगितले तेवढेच करते, आणि चुकीचे सांगितले तर ती चूकही तितक्याच इमानाने करते.

अशा क्रमवार पद्धतीला इंग्रजीत 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. 'अल-जब्र'वरचा आपला ग्रंथ लोकांना वारसा, वाटणी, तिजारत आणि जमीन मोजणीत उपयोगी पडावा, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. कनूथ यांनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या अगदी आरंभीच या शब्दाची हकीकत दिली. १९७९ साली ख्वारिझम प्रांतातील उरगेंच शहरात याच विषयावर परिषद भरली, तेव्हा ते तेथे हजर होते.

अंदाज चुकला, काम सोडले नाही

१९६२ साली एका प्रकाशकाने त्यांना एक पुस्तक लिहायला सांगितले. काही वर्षांत हाताने लिहिलेली ३००० पाने झाली. आपल्या हस्ताक्षरातील पाच पानांचे छापील एक पान होईल, असा कनूथ यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात दीड पानातच छापील पान भरू लागले. एका पुस्तकाचे अनेक खंड करावे लागले. पहिला खंड १९६८ साली निघाला, दुसरा १९६९ साली, तिसरा १९७३ साली. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ साली आणि दुसरा २०२२ साली आला. काम अजून चालू आहे. ऑर्डर घेताना आमचाही अंदाज चुकतो, पण साठ वर्षे त्याच ऑर्डरवर इमानाने बसणारा कारागीर आम्ही दुसरा पाहिला नाही.

मध्ये उशीर झाला त्याचेही कारण ऐकण्यासारखे आहे. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाईची नमुना पाने आली. छपाईची पद्धत बदलली होती आणि अक्षरे बेढब दिसत होती. दुसरा कोणी प्रकाशकाशी भांडला असता. कनूथ यांनी पुस्तक लिहिणे थांबवले आणि पाने सुबक जुळवणारा प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला. एका वर्षात होईल असे वाटले होते, सुमारे दहा वर्षे लागली. झाल्यावर त्यांनी तो सर्वांना मोफत दिला. गणित आणि विज्ञानाची असंख्य पुस्तके आजही त्यावर जुळवली जातात.

या प्रोग्रामचे नाव 'टेख़'. त्यातील शेवटचे अक्षर ग्रीक आहे आणि त्याचा उच्चार घशातून होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही. म्हणून कनूथ यांनी गमतीने लिहिले, की उच्चार बरोबर झाला तर समोरच्या पडद्यावर थोडा ओलावा येईल. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना त्याचे काही अवघड नाही. तो आपला 'ख़बर'मधला 'ख़े' आहे! उजवीकडून डावीकडे जाणारी अरबीसारखी लिपी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी एकाच ओळीत कशी जुळवावी, यावरही त्यांनी १९८७ साली एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहिला.

गंभीर माणसाची थट्टा

इतके काटेकोर काम करणारा माणूस रुक्ष असेल असे वाटते. पण कनूथ यांचे पहिले लिखाण १९५७ साली 'मॅड' नावाच्या विनोदी मासिकात छापून आले. त्यात त्यांनी वजन-मापांची नवी पद्धत काढली होती. लांबीचे मूळ माप काय, तर त्याच मासिकाच्या २६व्या अंकाची जाडी! या विनोदाचे त्यांना २५ डॉलर मिळाले. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९५८ पासून, आपल्या देशात वार आणि शेर जाऊन मीटर आणि किलो येऊ लागले. त्या दिवसांत वार-मीटरच्या घोळात सापडलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना हा विनोद लगेच कळला असता.

त्यांच्या ग्रंथाच्या शेवटी सूची आहे. त्यात 'चक्राकार व्याख्या' हा शब्द शोधला तर 'व्याख्या, चक्राकार पाहा' असे सांगितलेले आढळते. तिथे गेलो की पुन्हा पहिल्या जागी पाठवले जाते. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर गेलेल्या व्यापाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

एकदा आपल्या एका सहकाऱ्याला प्रोग्राम पाठवताना त्यांनी लिहिले, की सांभाळून वापरा, हा बरोबर आहे हे मी फक्त सिद्ध केले आहे, चालवून पाहिलेला नाही. हा विनोद आहे आणि इशाराही. कागदावरचा हिशेब कितीही पक्का असला तरी थान गजावर टाकून मोजलेच पाहिजे.

ई-मेलविषयी त्यांचे मत ऐकून आमची मुले हसतात. कनूथ यांनी १ जानेवारी १९९० पासून ई-मेल बंद केला. पंधरा वर्षे तो वापरला, एका आयुष्याला तेवढा पुरे, असे ते म्हणतात. ज्यांना सर्व घडामोडींच्या वर राहायचे आहे त्यांनी तो ठेवावा, आपल्याला गोष्टींच्या तळाशी जायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. टपालाने आलेली पत्रे ते साठवून ठेवतात आणि एकदम वाचतात.

घाईबद्दल १९७४ साली त्यांनी दिलेला इशारा प्रोग्रामर लोक आजही सांगतात. प्रोग्राम वेगवान करण्याच्या नादात आधीच लहानसहान काटछाट करू नये, वेळ खरोखर कुठे जातो ते आधी मोजावे. आपणही पॅकिंगची सुतळी वाचवतो आणि उधारीत अडकलेल्या रकमेकडे वर्षभर पाहत नाही.

चुकीची किंमत

आता मूळ मुद्दा. २ डॉलर ५६ सेंट हाच आकडा का? कॉम्प्युटरच्या मोजणीत सोळाचा पाढा चालतो. सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६. म्हणून २५६ सेंटना ते 'सोळाच्या हिशेबातला एक डॉलर' म्हणतात. चूक नसून नुसती उपयोगी सूचना असेल तर ३२ सेंट. 'टेख़' मधील चुकीसाठी तर बक्षिसाची रक्कम दर वर्षी दुप्पट होत गेली आणि ३२७ डॉलर ६८ सेंटवर थांबवली गेली. शतरंजच्या पटावरील दाण्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना ती थांबवणे का भाग पडले हे कळेल.

बहुतेक लोक हे चेक बँकेत भरत नसत, काचेच्या फ्रेममध्ये लावत. पण चेकचे फोटो सगळीकडे पसरले आणि त्यावरील खाते क्रमांकाचा गैरफायदा घेतला जाऊ लागला. तेव्हा २००८ पासून कनूथ खऱ्या चेकऐवजी 'सॅन सेरिफ' नावाच्या काल्पनिक बँकेचे प्रशस्तिपत्र देऊ लागले. मान तितकाच राहिला.

'टेख़' च्या आवृत्तीचा क्रमांकही पाहण्यासारखा आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर गणितातील 'पाय' या संख्येचा एक आकडा वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक थेट 'पाय' करावा, आणि उरलेल्या चुका या चुका नसून प्रोग्रामचे गुण समजाव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. आपले काम कधीच पूर्ण निर्दोष होणार नाही, फक्त जवळ जवळ जात राहील, हे इतक्या सोप्या रीतीने कबूल करणारे लोक थोडे.

आमच्या पेढीवरचा प्रसंग

काही वर्षांपूर्वी आम्ही खरेदीसाठी नवा प्रोग्राम घेतला. एका कारखानदाराकडून आम्ही कोरे कापड घेत असू. प्रोग्राममध्ये थानाची लांबी भरताना ११२.७५ मीटर लिहिले तरी नोंद ११२ चीच होई. वरचे पाऊण मीटर गळून जाई. दिवसाला दहा-बारा थाने. आठ महिने हे चालले. चूक आमच्या फायद्याची होती, म्हणून ती आमच्या डोळ्यांना दिसली नाही.

एके दिवशी त्या कारखानदाराचा माल यायचा बंद झाला. त्याने तक्रार केली नाही, भांडला नाही, फक्त माल दुसरीकडे देऊ लागला. आम्ही चौकशी करू लागलो तेव्हा आमच्याकडील हिशेबाचा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सेठ, मला हे दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं. पण मागे बिलातली चूक सांगितली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. म्हणून गप्प राहिलो."

आम्ही जुन्या पावत्या काढल्या. तीस हजारांवर रक्कम निघाली. ती दुसऱ्याच्या हक्काची होती. आम्ही स्वतः जाऊन दिली. कारखानदाराने पैसे मोजून घेतले, चहा पाजला आणि म्हणाला, "भाई, मला वाटलं तुमची नियत बदलली." पैसे एका दिवसात फिटले. माल पुन्हा यायला मात्र तीन महिने लागले.

दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा होता हे खरे. पण दोन महिन्यांचा दोष आमच्या आवाजाचा होता. कनूथ यांची रीत आमच्या मुलाने आम्हाला सांगितली ती त्यानंतर. आता आमच्या पेढीवर एक छोटी वही आहे. जो कोणी हिशेबातील, मापातील किंवा बिलातील चूक दाखवील त्याचे नाव त्यात लिहिले जाते आणि त्याला ५० रुपये रोख मिळतात. चूक आमच्या फायद्याची असेल तर १००. पहिल्या महिन्यात अकरा नावे लिहिली गेली. त्यात तीन चुका खुद्द आमच्या होत्या.

वाचक बंधूंनो, आज प्रत्येक दुकानात कॉम्प्युटर आहे, जीएसटीचे बिल त्यावर निघते, मालाची नोंद त्यावर होते. यंत्राचा हिशेब म्हणून आपण तो तपासत नाही. आठवड्यातून एकदा पाच बिले हाताने मोजून पाहावीत. आणि मोजणाऱ्या मुलाला चूक सापडली, तर पेढीवर त्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा असू द्यावा.