सागरापारची शिवरात्र

सहकुटुंब परदेशी जाऊन एखादा सण पाहावयाचा झाल्यास आम्ही मॉरिशसमधील महाशिवरात्र सुचवू. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांत राबावयास गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांजवळ श्रद्धेवाचून दुसरे धन नव्हते. गंगा तर दूर राहिलेली. तेव्हा ज्वालामुखीच्या विवरातील एका सरोवरासच त्यांनी गंगेचे पावित्र्य दिले. १९७२ मध्ये त्यात खरेखुरे गंगाजलही ओतले गेले. शिवरात्रीच्या सुमारास शुभ्रवस्त्रधारी यात्रेकरू सजविलेल्या कावडी खांद्यावर घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यांतून या ‘गंगा तलावा’कडे पायी निघतात, वाटेवरचे लोक त्यांना पाणी व फराळ देतात. मुलांना तेथे केवळ मोटारीने नेऊ नये. शेवटचे दोन मैल तरी त्या मेळ्याबरोबर चालू द्यावे. परक्या भूमीत धर्म कसा टिकला, हे त्यांच्या पायांनाच उमगेल.