लाल थेंबाचा माग

जुन्या अमेरिकन गाडीखाली सकाळी तळहाताएवढा लाल डाग दिसला, की मालक आधी पाना शोधतो आणि मग गिअरबॉक्स उतरवून देणारं गॅरेज. दोन्हींत घाई होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती हे दुरुस्तीआधी तपासाचं काम आहे, आणि तपासात थेंब कुठे पडला यापेक्षा केव्हा पडला हा प्रश्न जास्त कामाचा. जागेची साक्ष भरवशाची नसते. चालत्या गाडीखालचा वारा वरून पाझरलेलं तेल मागे ढकलतो, ते आवरणावरून ओघळत सर्वांत खालच्या भागाशी, म्हणजे तेलाच्या पॅनशी येतं, आणि दोष पॅनच्या गॅस्केटवर येतो. रंगाचंही तसंच. इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून या तेलाला लाल रंग देतात. पण ते तापून तपकिरी झालं, की इंजिनच्या मागच्या सीलमधून आलंय की गिअरबॉक्सच्या पुढच्या, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण.

जनरल मोटर्सचा 1964 साली आलेला टर्बो हायड्रामॅटिक 400 घ्या. त्यात एकूण 10 लिटरच्या आसपास तेल असतं आणि त्यातलं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. इंजिन चालू असताना पंप कन्व्हर्टर भरलेला ठेवतो, त्यामुळे पॅनमधली पातळी खाली राहते. इंजिन बंद करून गाडी काही आठवडे उभी ठेवली (आपल्याकडे पावसाळाभर आच्छादनाखाली ठेवतात तशी), की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं. पातळी पॅनच्या कडेच्या वर चढते आणि गिअरच्या दांड्याला जोडलेल्या शाफ्टचं सील तेलात बुडतं. पॅनच्या कडेला लागूनच वर असलेलं हे छोटं सील उष्णतेने कडक झालेलं असेल, तर गाडी वापरात असताना तिथे थेंबही दिसत नाही आणि उभ्या गाडीखाली थारोळं साचतं. म्हणजे उभी असतानाच गळणाऱ्या गाडीत आधी संशय घ्यायचा तो या सीलचा आणि डिपस्टिकच्या नळीच्या तळाशी असलेल्या ओ-रिंगचा. चालतानाच गळत असेल, तर दाबाखालच्या जागा बघायच्या: रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे जोड आणि पंपाचं पुढचं सील. गिअरबॉक्स खरोखर उतरवावा लागतो तो यातल्या शेवटच्यासाठी. तेव्हाही नुसतं सील बदलून भागत नाही. आतलं बुश झिजलं असेल तर कन्व्हर्टरची मान डुगडुगते आणि नवं सीलही थोड्याच दिवसांत हार मानतं.

पॅन निर्दोष असतोच असं नाही, पण त्याचा दोष बहुधा माणसाने केलेला असतो. पूर्वी कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट आवळले. त्याने पातळ पत्रा प्रत्येक भोकाभोवती वर उचलला गेला, कॉर्कचं गॅस्केट तिथे चेपून फाटलं आणि दोन बोल्टांच्या मधे फट उरली. आता आणखी आवळलं, की फट आणखी वाढते. पॅन काढून त्याच्या कडेवर सरळ पट्टी ठेवली, की हे लगेच कळतं. कड सपाट लाकडावर टेकवायची आणि प्रत्येक भोकाभोवतीचा उंचवटा गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू ठोकून बसवायचा. मग नवं गॅस्केट कोरडंच लावून 13 बोल्ट आलटून-पालटून, साधारण 12 फूट-पौंडांपर्यंतच आवळायचे. हा आकडा हाताला फारच हलका वाटतो. तिथेच थांबायचं असतं.

एका गळतीचा तर जमिनीवर थेंबच पडत नाही. या गिअरबॉक्सच्या बाजूला एकाच बोल्टने धरलेली डबीसारखी वस्तू असते, व्हॅक्यूम मॉड्युलेटर. तिच्यातला पडदा फाटला, की इंजिन रबरी नळीतून गिअरचं तेल ओढून जाळतं. पातळी घटत जाते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि बिचाऱ्या पिस्टन रिंगांवर आळ येतो. नळी उपसून आत लाल तेल दिसलं, की निदान झालं.

जुनी गाडी गळणारच, तेल वरचेवर घालत राहावं, असं सांगणारे बरेच भेटतात. इंजिनच्या बाबतीत ते काही अंशी चालतं, इथे नाही. पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात. उलट, अंदाजाने जास्त घातलेलं तेल फिरत्या भागांत फेसाळून हवेच्या भोकातून बाहेर येतं आणि नवी गळती झाल्यासारखी वाटते. म्हणून पातळी बघायची ती गरम गिअरबॉक्सवर आणि इंजिन चालू ठेवून; जनरल मोटर्सच्या गाडीत पार्कमध्ये, क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटवर मात्र न्यूट्रलमध्ये.

गळती थांबवणाऱ्या बाटलीचा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. त्यातलं रसायन कडक झालेलं रबर मऊ करून फुगवतं, आणि शाफ्टचं सील नुसतं आक्रसलं असेल तर खरोखर काही काळ उपयोग होतो. पण वाकलेला पत्रा किंवा फाटका पडदा त्याने सुधारत नाही, आणि धडधाकट सीलही तेवढंच फुगतं. दोष सापडल्यावर, दुरुस्तीला अवकाश असेल तर बाटली वापरावी; शोधण्याऐवजी मात्र नाही. शोधायला गाडीचा खालचा भाग धुऊन पूर्ण कोरडा करून वर टाल्कम पावडर भुरभुरली, तरी पुरतं. पावडरीत पहिली ओली रेघ उमटेल, तिचं वरचं टोक बघायचं.